स्टेशनमास्तर डोळे मिटून बसत नाहीत



चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड हे रेल्वेचे जुने जंक्शन. १९०८ साली बंगाल-नागपूर रेल्वेचा अरुंद लोहमार्ग येथे आला. त्याच्या दोन रुळांत अवघे अडीच फूट अंतर होते. एक गाडी इतवारीहून उमरेड, भिवापूर करीत येई. दुसरी गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरीमार्गे येऊन पुढे चांदा फोर्टाकडे जाई. गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला. नागपूरकडची छोटी गाडी मात्र २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत धावत होती; मग तोही मार्ग रुंदीकरणासाठी बंद करण्यात आला.

अशा जंक्शनवरच्या स्टेशनमास्तरांचे काम कधी लक्षपूर्वक पाहिले आहे काय? माणूस एक, कामे अनेक. तीन दिशांच्या गाड्यांना वाट द्यायची, मागच्या-पुढच्या स्टेशनांशी बोलायचे, मालगाडी बाजूच्या रुळावर घ्यायची, प्रत्येक गोष्ट नोंदवहीत वेळेसह टिपायची. तरी त्यांची फारशी धावपळ दिसत नाही. भिंतीवर घड्याळ, टेबलावर नोंदवही, कोपऱ्यात घंटी, एवढ्यावर सारे चालते.

आता कल्पना करा, की एखाद्या स्टेशनमास्तरांनी ठरवले, "गोंदियाची गाडी यायला अर्धा तास आहे. तोवर मी डोळे मिटून, कानांत बोटे घालून फलाटावर उभा राहतो." त्या अर्ध्या तासात दुसऱ्या दिशेची गाडी सिग्नलबाहेर शिट्ट्या मारीत उभी राहील. अशा मास्तरांना रेल्वे एक दिवसही ठेवणार नाही.

पण नेमके हेच वागणे आपण आपल्या मायक्रोकंट्रोलरला पहिल्याच धड्यात शिकवतो. ते बंद करावे, निदान दुसऱ्या धड्यात तरी बंद करावे, असे माझे मत आहे. या लेखात ते मांडायचे आहे.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर मावलेला छोटा संगणक. शाळांच्या प्रयोगशाळांत आज सर्रास दिसणारा आर्डुइनो ऊनो हा पट्ट घ्या. त्यावरच्या चिपचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते आणि बहुतेक साध्या सूचना एका किंवा दोन ठोक्यांत पूर्ण होतात. तात्पुरत्या आकडेमोडीसाठी तिच्याजवळ स्मृती मात्र २ किलोबाइट एवढीच असते. आपली आज्ञावली ती वरून खाली वाचते, शेवटाला पोचली की पुन्हा वर जाते. या अखंड फेरीला 'लूप' म्हणतात.

पहिला धडा सगळीकडे एकच असतो. दिवा लावा, एक सेकंद थांबा. दिवा विझवा, एक सेकंद थांबा. 'थांबा' या आज्ञेचे नाव 'डिले'. दिवा लुकलुकला की वर्गात आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण 'एक सेकंद थांबा' म्हटल्यावर चिप काय करते? एक कोटी साठ लाख ठोके ती नुसती मोजत बसते. तेवढ्या वेळात तुमची आज्ञावली कोणतीही कळ वाचत नाही की तापमान पाहत नाही. मास्तरांनी डोळे मिटलेले असतात.

दिवा एकटा असेल तर काही बिघडत नाही. बिघडते ते दुसरे काम आले की. एक अनुभव सांगतो.

नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. धान लोंबीवर आले की रानडुकरे बांध्यांत शिरतात. घरातल्या कोणाला तरी माळ्यावर जागलीला बसावे लागते, आणि या भागात वाघही आहे. तेव्हा विज्ञान प्रदर्शनात 'शेतराखण यंत्र' घेऊन येणारी मुले येथे नेहमी भेटतात. अशाच एका प्रदर्शनात नववीतल्या एका मुलाने बांधीभोवती दोरी ताणली होती. दोरी ओढली गेली की कळ दाबली जाणार आणि भोंगा वाजणार. यंत्र चालू असल्याची खूण म्हणून एक तांबडा दिवा लुकलुकत होता. मांडणी नीटस होती. मी दोरी हलकेच ओढून सोडली. भोंगा गप्प. पुन्हा ओढली, गप्पच. सात-आठ वेळा ओढल्यावर एकदाचा तो वाजला. मुलगा ओशाळून म्हणाला, "सर, तार खराब आहे जी. तीनदा बदलली."

तार उत्तम होती. खराबी होती ती वेळेत. त्याची आज्ञावली अशी होती : दिवा लाव, एक सेकंद थांब, दिवा विझव, एक सेकंद थांब, मग कळ पाहा. म्हणजे कळीकडे दोन सेकंदांतून फक्त एकदा नजर जाई. माझ्या हिसक्याने कळ दाबली जाई ती साधारण एक पंचमांश सेकंद. ०.२ ला २ ने भागा : दहातून एकदा नजर आणि हिसका यांची गाठ पडणार. डुकराने दहा वेळा दोरीला धक्का दिला तर नऊ वेळा यंत्र झोपलेले असणार! त्या मुलाचे आईवडील या यंत्राच्या भरवशावर झोपले असते तर सकाळी बांधीत काय उरले असते, हे वेगळे सांगायला नको.

आता मास्तर काय करतात ते आठवा. ते थांबत नाहीत, घड्याळ पाहतात. आपल्या चिपलाही घड्याळ आहे. पट्टाला वीज मिळाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, हे सांगणारी 'मिलिस' नावाची आज्ञा तयारच असते. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. प्रत्येक कामासाठी एक चलपद ठेवा आणि ते काम शेवटचे केव्हा केले ती वेळ त्यात लिहून ठेवा. हीच आपली नोंदवही. मग लूपच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा : "आताची वेळ वजा शेवटची वेळ, हा फरक ठरलेल्या अंतराएवढा झाला काय?" झाला असेल तर काम करा आणि नवी वेळ नोंदवा. नसेल तर क्षणभरही न थांबता पुढच्या कामाकडे वळा.

त्या मुलाच्या यंत्राचे वेळापत्रक असे करता येईल. दिव्याची स्थिती दर ५०० मिलिसेकंदांनी बदलायची. कळ दर २० मिलिसेकंदांनी पाहायची. पऱ्ह्यातल्या पाण्याची पातळी दर १० मिनिटांनी, म्हणजे ६,००,००० मिलिसेकंदांनी मोजायची. लूपची एक फेरी एका मिलिसेकंदाच्याही आत संपते, म्हणून तिन्ही कामे एकाच वेळी चालल्यासारखी दिसतात. एक पंचमांश सेकंदाचा हिसका आता दहादा नजरेस पडतो. आणखी एक फायदा आहे. कळ दाबली की तिच्या धातूच्या पट्ट्या काही मिलिसेकंद थरथरतात आणि एक दाब अनेक दाबांसारखा वाटतो. नजर दर २० मिलिसेकंदांनी टाकली, की ही थरथर सहसा दोन नजरांच्या मध्येच विरून जाते.

भोंगा ३० सेकंद वाजवायचा असेल तर? येथेही थांबायचे नाही. लांबट कामाचे लहान तुकडे करायचे. कळ दाबलेली दिसली की भोंगा सुरू करा, वेळ नोंदवा आणि पुढे चला. प्रत्येक फेरीत विचारा : "भोंगा वाजतो आहे काय, आणि ३०,००० मिलिसेकंद झाले काय?" दोन्ही उत्तरे 'होय' आली की बंद करा. भोंगा वाजत असतानाही यंत्र दोरीकडे पाहतच राहते. मास्तरसुद्धा गाडीला हिरवा कंदील दाखवून आपल्या खोलीत परततात, गाडीबरोबर पुढच्या स्टेशनापर्यंत चालत जात नाहीत.

या रीतीत दोन खाचखळगे आहेत. ते माहीत असलेले बरे.

पहिला नोंद करण्याबाबत. काम झाल्यावर नोंदवहीत 'आताची वेळ' लिहायची की 'शेवटची वेळ अधिक ५००' लिहायची? समजा, दुसऱ्या कामांमुळे दिव्याला प्रत्येक वेळी ३ मिलिसेकंद उशीर होतो. पहिल्या रीतीने प्रत्येक पुढचा हिशेब उशिराच्या वेळेपासून सुरू होईल आणि उशिरावर उशीर चढत जाईल. २४ तासांत ही घसरण साडेआठ मिनिटांवर जाते. दुसऱ्या रीतीने उशीर साठत नाही. गाडी आज दहा मिनिटे उशिरा आली म्हणून उद्याचे वेळापत्रक कोणी दहा मिनिटे पुढे सरकवत नाही, तसेच हे. लुकलुकत्या दिव्याला फरक पडत नाही, पण तुम्ही घड्याळ बनवीत असाल तर नक्की पडतो.

दुसरा खळगा अधिक फसवा आहे, कारण तो प्रदर्शनाच्या दोन दिवसांत दिसतच नाही. 'मिलिस'चा आकडा ३२ अंकस्थानांच्या द्विमान संख्येत ठेवतात. तिच्यात जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतात. त्यापुढे आकडा पुन्हा शून्यावर येतो. हे घडायला ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटे आणि सुमारे ४७ सेकंद लागतात. आता हिशेब करा. १५ जूनला सकाळी ६ वाजता पऱ्ह्याशेजारी यंत्र सुरू केले आणि बॅटरीवर ते अखंड चालले, तर ३ ऑगस्टच्या रात्री ११ वाजून २ मिनिटांनी त्याचे घड्याळ शून्यावर येईल. धान पेरणीपासून कापणीपर्यंत चारेक महिने घेते. म्हणजे एका हंगामात ही वेळ दोनदा येणार!

तेव्हा काय होईल, हे तुम्ही सूत्र कसे लिहिले त्यावर आहे. "आताची वेळ ही शेवटची वेळ अधिक अंतर यापेक्षा मोठी आहे काय?" असे विचारले असेल तर बेरीज ३२ अंकस्थानांबाहेर जाऊन फारच लहान होते. मग दहा मिनिटांनी करायचे काम यंत्र शेवटची काही मिनिटे प्रत्येक फेरीत करीत सुटते. क्वचित बेरीज नेमकी टोकाशी आली, तर ते काम पुढचे जवळजवळ पन्नास दिवस होतच नाही. याउलट वर सांगितल्याप्रमाणे वजाबाकी केली आणि चलपद चिन्हरहित ३२ अंकस्थानांचे ठेवले, तर काहीच बिघडत नाही. हे जादूसारखे वाटेल, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहा. रात्री ११ वाजता निघालेली गाडी २ वाजता पोचली तर प्रवास किती तासांचा? २ वजा ११ म्हणजे उणे ९. त्यात १२ मिळवा, ३ तास. घड्याळ मध्ये एकदा शून्यावरून फिरले तरी फरक बरोबरच येतो. चिपची वजाबाकी तशीच चालते. केवळ मुलेच येथे फसतात असे समजू नका. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणालींतही मिलिसेकंद मोजण्यातला असाच दोष होता आणि ४९.७ दिवस अखंड चाललेला संगणक त्यामुळे बंद पडू शकत असे.

येथे कोणी म्हणेल, "कळीसाठी 'इंटरप्ट' वापरा की!" इंटरप्ट म्हणजे स्टेशनातली घंटी. ती वाजली की चिप हातातले काम तेथेच ठेवते, घंटीची दखल घेते आणि पुन्हा कामाला लागते. 'डिले' चालू असतानाही ती वाजते. हिसका फार क्षणिक असेल तर हा उपाय योग्यच आहे. पण मास्तर घंटी वाजल्यावर काय करतात? निरोप टिपतात, उत्तराचे ठोके देतात, बस्स. इंटरप्टमध्येही फक्त 'दोरी ओढली गेली' एवढी खूण करावी. बाकीचे काम लूपने करावे. आणि लूप 'डिले'मध्ये डोळे मिटून उभा असेल तर ती खूण पाहणार कोण? म्हणजे घंटी बसवली तरी घड्याळ पाहण्याची सवय लागतेच.

घंटी आणि लूप एकाच संख्येला हात लावू लागले की आणखी एक प्रश्न येतो. ऊनोची चिप ८ अंकस्थानांची. ३२ अंकस्थानांची संख्या ती चार तुकड्यांत वाचते. दोन तुकडे वाचून झाले आणि तेवढ्यात घंटीने संख्या बदलली, तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी भलतीच संख्या हाती येते. यावरचा उपाय एकेरी रुळावर फार पूर्वी निघाला होता. दोन स्टेशनांमधल्या एकेरी मार्गावर टोकनचा गोळा असे. ज्या चालकाच्या हाती गोळा, त्याचीच गाडी त्या मार्गावर. आपणही अशी संख्या वाचण्यापुरती, क्षणभर, घंटी बंद ठेवतो. १९६० च्या दशकात नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी या प्रकारच्या प्रश्नासाठी जी युक्ती मांडली, तिला त्यांनी नावच रेल्वेवरून दिले : सेमाफोर, म्हणजे हात वरखाली होणारा सिग्नल.

कामे वेळेत मावेनाशी झाली तर कोणते आधी, हेही ठरलेले असावे लागते. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने '१२०२' हा धोक्याचा इशारा दिला. एका रडारकडून येणाऱ्या निरर्थक संकेतांत संगणकाचा वेळ खर्च होत होता. त्या संगणकाची बदलती स्मृती केवळ २,०४८ शब्दांची होती. पण हॅल लेनिंग यांनी आखलेल्या व्यवस्थेत प्रत्येक कामाला अग्रक्रम होता. संगणकाने कमी महत्त्वाची कामे सोडून दिली, यान उतरवण्याचे काम चालू ठेवले, आणि यान सुखरूप उतरले. मालगाडी बाजूला उभी करून प्रवासी गाडी पुढे काढतात, तोच विचार.

माझ्या मताला शिक्षक मित्रांकडून दोन आक्षेप येतात. पहिला असा, की 'डिले' सोपा आहे आणि सहावीच्या मुलाला पहिल्या दिवशी नोंदवही, वजाबाकी सांगितली तर ते बिचकेल. हे मला मान्य आहे. पहिला दिवा 'डिले'नेच लुकलुकू द्या. अंतर मोजणाऱ्या ध्वनिसंवेदकाला १० मायक्रोसेकंदांचा संकेत द्यायचा असतो, तेथेही इतके सूक्ष्म थांबणे रास्तच आहे. माझी तक्रार आहे ती पहिल्या धड्यावरच मुक्काम करण्याबद्दल. दुसरा दिवा जोडायचा दिवस हा घड्याळ शिकवण्याचा दिवस आहे. एक दिवा दर ५०० मिलिसेकंदांनी, दुसरा दर ७०० मिलिसेकंदांनी लुकलुकवा, एवढाच प्रश्न फळ्यावर लिहा. 'डिले'ने तो सुटत नाही हे मुलांना पंधरा मिनिटांत स्वतःच उमगते, आणि मग नोंदवहीची गरज पटवावी लागत नाही.

दुसरा आक्षेप असा, की कामांची वाटणी करणाऱ्या तयार प्रणाली मिळतात. मग हे हाताने कशाला? मिळतात, आणि मोठ्या कामांत त्या वापराव्यातच. पण ज्याने एकदा तीन कामांचे वेळापत्रक स्वतः आखले आहे, त्यालाच तयार प्रणाली कोठे अडते ते कळते. पाढे येणाऱ्यानेच गणकयंत्र वापरावे, तसे हे.

२०१६ सालापासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे हे पट्ट गावोगावच्या शाळांत पोचले आहेत. मात्र प्रदर्शनात आपण बक्षीस देतो ते बहुधा दिसण्याला. म्हणून परीक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी दोन परीक्षा अवश्य घ्याव्यात. एक : दिवा लुकलुकत असताना आणि भोंगा वाजत असताना कळ वीस वेळा दाबावी, यंत्राने ती किती वेळा ओळखली ते मोजावे. दोन : मुलाला विचारावे, "हे यंत्र पन्नास दिवस चालले तर काय होईल?" उत्तर चुकले तरी चालेल, पण प्रश्न त्याच्या मनात राहिला पाहिजे. शाळेनेही एखादे यंत्र कपाटात न ठेवता दोन महिने सतत चालू ठेवावे आणि कोणत्या दिवशी काय घडले त्याची वही मुलांकडून लिहून घ्यावी.

शेतात यंत्र लावणाऱ्या विद्यार्थ्यांना एक बजावून सांगतो. दोरीला किंवा कुंपणाला घरातल्या विजेची तार कधीही जोडू नका. अशा तारांनी जनावरांबरोबर माणसेही दगावतात. आपले यंत्र कमी दाबाच्या बॅटरीवर चालले पाहिजे. आणि शाळेत बनवलेला भोंगा वाघापासून रक्षण करील, अशी खात्री कोणालाही देऊ नका.

त्या नववीतल्या मुलाची आज्ञावली आम्ही तेथेच बाकावर बसून बदलली. 'थांब' असे लिहिलेल्या दोन्ही ओळी त्याने स्वतःच्या हाताने खोडल्या आणि त्यांच्या जागी तीन वजाबाक्या लिहिल्या. मग त्याने मला दोरी ओढायला सांगितले. मी वीस वेळा ओढली, भोंगा वीस वेळा वाजला. तांबडा दिवा मध्ये एकदाही चुकला नाही. चौथ्यांदा आणलेली नवी तार त्याने गुंडाळून पिशवीत ठेवली.